चाकाला लागली घरघर

कुकरची शिटी नीट बसली नाही तर नुसत्या फुसफुशीवरून आपण बाहेरच्या खोलीतून ओरडतो, "अगं, गॅस बारीक कर!" रात्री कुठला नळ ठिबकतोय, मिक्सर आज वेगळाच का घुरघुरतोय, पंखा कुरकुरायला लागला म्हणजे त्याचं काय दुखतंय, हे आपल्याला अंथरुणात पडल्या पडल्या कळतं. घरातल्या आवाजांची ही भाषा कुणी शिकवलेली नसते. रोज ऐकून ऐकून ती येते.

मग हाच कान आपण मोटारीत बसताना घरी का ठेवून जातो?

आजचा विषय जरा निराळा आहे. गेल्या महिन्यात सांगलीहून, विश्रामबागेतून एका मैत्रिणीचं पत्र आलं. ती लिहिते, "आमची गाडी साठच्या पुढे गेली की मागून गूं असा आवाज येतो. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, तुला भास होतो. मी काय करू?" पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग अंगावर काटा आला. कारण हेच उत्तर मीही ऐकून घेतलेलं आहे, आणि त्या 'भासा'ची किंमत काय झाली असती तेही मला ठाऊक आहे. तेव्हा आज आधी माझी गोष्ट सांगते, मग कामाचं बोलू.

माझं माहेर सांगलीचं, गावभागातलं, सासर साताऱ्याचं. म्हणायला दोन जिल्हे. पण १९४९ साली सांगलीकडचा जो जिल्हा झाला त्याचं नाव होतं 'दक्षिण सातारा'. 'सांगली जिल्हा' हे नाव त्याला १९६० साली मिळालं. म्हणजे माझं माहेर काय नि सासर काय, एकाच वाड्याचे दोन चौक!

माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. शाळा सुटली की माझं काम ठरलेलं. ताटलीत रॉकेल घेऊन सायकलचे छर्रे धुवायचे, फडक्यावर वाळवायचे आणि मोजून द्यायचे. मागच्या चाकाला एका बाजूला नऊ, दोन्ही बाजू मिळून अठरा. एक जरी छर्रा खडबडीत लागला तर बाबा सगळेच्या सगळे बदलत. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणत, "अहो, एक नासका कांदा टोपलीत ठेवता का तुम्ही?" लग्न होऊन साताऱ्याला आले आणि हे सगळं विसरून गेले. बाईच्या हातांना दुसरी कामं लागतात.

बाबांची जुनी मारुती ८०० होती. ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीकर जन्मात विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. पाणी चढायला लागल्यावर बाबांनी गाडी काढून ओळखीच्यांच्या गल्लीत, उंचावर नेऊन लावली. तिथेही पाणी आलंच, पण चाकं बुडण्यापुरतं. तीन दिवसांनी पाणी उतरलं तेव्हा गाडी चालू झाली, इंजिन वाचलं म्हणून सगळे खूश. ऑइल बदललं, आतला गालिचा उन्हात टाकला. चाकांकडे मात्र कुणी पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी बाबा गेले. गाडी आम्ही साताऱ्याला आणली. टाळेबंदीचे दिवस, ती बरेच महिने अंगणात नुसती उभीच होती.

डिसेंबर २०२१ मध्ये आईला भेटून आम्ही सांगलीहून परत निघालो. जानेवारीत तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला ठरलं होतं, आणि नंतर विश्रांतीला तिला याच गाडीतून साताऱ्याला आणायचं होतं. उसाचा हंगाम. आष्ट्यापासून पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि डनलॉपच्या बैलगाड्या यांच्या मागून हळूहळू येत होतो, तोवर काही जाणवलं नाही. पेठ नाक्याला हायवेला लागलो, गाडीनं वेग घेतला आणि माझ्या मागून उजवीकडून आवाज सुरू झाला. गूंऽऽ! जसं लांबून विमान यावं. वेग वाढला की वाढे, कमी झाला की दबे.

मी म्हटलं, "अहो, काहीतरी वाजतंय."

हे म्हणाले, "टायर जुने झालेत." आणि रेडिओ मोठा केला.

साताऱ्यात एका गॅरेजात दाखवलं. तिथला मुलगा चावी फिरवून, कान लावल्यासारखं करून म्हणाला, "वहिनी, सोळा वर्षांची गाडी, आवाज येणारच की! काच वर करून बसायचं." सगळे हसले. मीही हसले. आणि तीन आठवडे गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते. कारण मला आवाज कळला होता. रॉकेलच्या ताटलीतला तो खडबडीत छर्रा माझ्या बोटांना आठवत होता. पण चारचौघांत कोण बोलणार!

ऑपरेशनच्या आठ दिवस आधी मला राहवेना. आमच्या शेजारी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर राहतात, आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांना बोलावलं. त्यांनी मागचं उजवं चाक जॅकवर उचललं, एक हात वर, एक हात खाली धरून हलवलं. चाक हललं! मोडक्या दातासारखं. मग त्यांनी चाक फिरवून दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला आणि मला म्हणाले, "ताई, हात लावून बघा." स्प्रिंगमधून खरखर हाताला कळत होती, जसं जात्यात खडा आल्यावर खुंट्याला कळतं.

"कधीपासून आवाज येतोय?"

"तीन आठवडे."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं. मामांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे गाडीची काच पुसायला लागले.

ड्रम उघडला. ग्रीसचा चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी लगदा झालेला. आतल्या गोळ्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. मी तो लगदा चिमटीत चोळून पाहिला, कचकच लागली. पुराचा गाळ. सांगलीचा गाळ अडीच वर्षांनी साताऱ्यात माझ्या बोटाला लागला. त्या चाकावर आम्ही आईला बसवून आणणार होतो.

बेअरिंग म्हणजे काय?

एक गंमत करून पाहा. ओट्यावर मूठभर मोहरी पसरा, वर एक सपाट ताटली ठेवा आणि बोटानं ढकला. ताटली सरसर पळते. मोहरी काढून घ्या आणि पुन्हा ढकला, ओट्याला घासून अडते. घसटण्यापेक्षा गडगडणं सोपं, एवढंच ते शास्त्र. बेअरिंगमध्ये पोलादाच्या दोन कड्या असतात, एक आतली नि एक बाहेरची. मधे गुळगुळीत गोळ्या किंवा लाटण्यासारखे रूळ, ते एकमेकांवर आपटू नयेत म्हणून एक पिंजरा, आणि सगळ्यांना ग्रीस. ग्रीस बाहेर जाऊ नये आणि पाणी-धूळ आत येऊ नये म्हणून रबरी सील. सील पिचलं की पाणी शिरतं, ग्रीस धुपतं, पोलादावर गंजाचा एक ठिपका उठतो. गोळी दर फेऱ्याला त्या ठिपक्यावर आपटते. हीच ती घरघर. आपल्या डोक्यावरच्या पंख्यातही अशाच छोट्या बेअरिंगा असतात, म्हणून तर तो कुरकुरतो.

बैलगाडीच्या जुन्या लाकडी चाकाला हे सुख नव्हतं. त्याला वेळोवेळी वंगण घालावं लागे, नाहीतर गाडी अख्ख्या गावाला ऐकवत जाई. चाकात गोळ्या घालायची युक्ती वेल्समधल्या फिलिप व्हॉन नावाच्या लोखंडाच्या कारखानदारानं बग्गीच्या आसासाठी काढली आणि १७९४ साली तिचं पेटंट घेतलं. स्वीडनमधल्या स्वेन विंगक्विस्ट या कापडगिरणीतल्या इंजिनियरला सारख्या बेअरिंगा बदलून कंटाळा आला, तेव्हा १९०७ साली त्यानं आपली आपण सावरून घेणारी बेअरिंग बनवली. त्यातून निघालेल्या कंपनीचा एक कारखाना आपल्या पुण्याजवळ चिंचवडला आहे.

यंत्राचं आणि बाईचं वाकडं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांना मी किर्लोस्करवाडीची आठवण करून देते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभारला. आज ते गाव सांगली जिल्ह्यात आहे. तिथूनच १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं. लोखंडी नांगराचा आणि बायकांच्या मासिकाचा पत्ता एकच होता!

आवाज ओळखायचा कसा?

आवाज सगळेच येतात, पण प्रत्येकाचं घराणं वेगळं.

१. वेगाबरोबर गूं वाढतो. वेग तोच ठेवून गिअर बदलला तरी आवाज तसाच राहिला तर तो इंजिनाचा नव्हे, चाकाकडचा.

२. डांबरी रस्ता संपून काँक्रीट लागलं आणि आवाज बदलला तर टायरचा संशय घ्या. बेअरिंगला रस्त्याशी फारसं देणंघेणं नसतं.

३. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर उजवीकडची बेअरिंग पाहा. उजवीकडे वळताना वाढला तर डावीकडची. हे घाटात मुद्दाम करून पाहायचं नाही हं, मोकळ्या रस्त्यावर हळू वळणात कळतं.

४. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी फिरवताना पुढून कट्कट् आवाज येतो तो एक्सलच्या जॉइंटचा. ब्रेक दाबल्यावरच किरकिर होते ती ब्रेकची. ही दुखणी निराळी.

५. प्रवासानंतर चाकाच्या मध्याजवळ हात न्या. आधी लांबून, नाहीतर पोळेल. एक बाजू दुसरीपेक्षा फारच गरम असेल तर काहीतरी बिनसलंय. बेअरिंग असेल, नाहीतर ब्रेक चिकटत असेल.

आणि चाक हातानं हलवल्यावर खडखडलं, किंवा आवाज गूं सोडून खर्रर्र झाला, तर त्या गाडीनं एक मैलही जायचं नाही. बेअरिंग फुटून चाक अडकतं किंवा निखळतं. तिथे 'घरापर्यंत जाऊ दे' नाही.

घरी काय करावं, कुठे थांबावं?

हे नीट वाचा. सगळ्या गाड्यांची बेअरिंग घरी बदलता येत नाही. आमच्या जुन्या मारुतीच्या मागच्या चाकांत ड्रमलाच बेअरिंगा बसवलेल्या आहेत, ते काम माहितगार माणूस सोबत असेल तर अंगणात होतं. पण पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद जाते, तिथली बेअरिंग दाबून बसवलेली असते. तिला हायड्रॉलिक प्रेस लागतो. हातोडीनं ठोकाल तर नव्या बेअरिंगचा पहिल्याच दिवशी जीव जाईल. सुटा केलेला भाग घेऊन लेथ-प्रेसच्या वर्कशॉपमध्ये जावं. साताऱ्याच्या, कुपवाडच्या किंवा मिरजेच्या एम.आय.डी.सी.त अशी सोय होते.

नव्या गाड्यांचं आणखी निराळं. २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. पुष्कळ गाड्यांत त्याची चुंबकी कडी बेअरिंगवरच असते. बेअरिंग उलटी बसली तर ब्रेकचा पिवळा दिवा लागून राहतो. तिथे आपण फक्त आवाज ओळखायचा, काम जाणकाराकडेच.

तयारी

जॅक, मजबूत लोखंडी घोडी, चाकाचा पाना, बॉक्स पाने, टॉर्क पाना, पक्कड, हातोडी, पितळी पंच, रॉकेल किंवा डिझेल, धुतलेली सुती फडकी. नवं सामान म्हणजे दोन्ही बेअरिंगा, नवं ऑइल सील, नवी स्प्लिट पिन आणि चाकाच्या बेअरिंगचं लिथियम ग्रीस.

दुकानात 'मारुतीची द्या' एवढंच सांगू नका. जुन्या बेअरिंगच्या कडीवर नंबर कोरलेला असतो, तो पुसून वाचा आणि लिहून न्या. समजा ६२०५ असेल, तर शेवटच्या ०५ ला पाचानं गुणा, आतलं भोक २५ मिलिमीटरचं. शेवटचे आकडे ०४ किंवा त्याहून मोठे असले की हे गणित जुळतं. काउंटरवर हे बोलून पाहा, दुकानदाराचा सूरच बदलतो! खोट्या डब्यातला नकली माल पुष्कळ येतो, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून पावतीनिशी घ्या.

प्रत्यक्ष काम

गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये. पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून ठोकळे. मागच्या ड्रमचं काम, म्हणून हँडब्रेक सोडलेला. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करून ठेवा. मग जॅक लावा आणि लगेच खाली घोडी द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. विटा रचायच्या नाहीत, वीट भाराखाली अचानक फुटते. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. देव न करो, पण गाडी बसलीच तर चाकावर बसेल.

मधलं पत्र्याचं टोपण काढलं की मुकुटासारखा खाचांचा नट दिसतो. त्यातली स्प्लिट पिन सरळ करून ओढून काढा. नट फार घट्ट असतो, एकानं गाडीत बसून ब्रेक दाबून धरावा. चाक न काढता टोपण निघत असेल तर हा नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करावा, म्हणजे घोडीवरच्या गाडीला झटके बसत नाहीत. ड्रम अडला तर पुलर लावून काढा. कडेला हातोडे मारू नका, ओतीव लोखंड तडकतं.

आतली ब्रेकची काळी भुकटी फुंकून उडवायची नाही, ब्रशनं झटकायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, ते फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्यानं टिपून घ्या आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

सील उचकटून काढा. बेअरिंग उलट बाजूनं पितळी पंचानं, गोल फिरत थोडी थोडी ठोकत बाहेर घ्या. एकाच जागी ठोकाल तर तिरकी होऊन अडकेल. दोन बेअरिंगांच्या मधे एक नळी असते, ती फेकून देऊ नका, तीच परत लागते. ड्रम रॉकेलनं धुवा, कोरडा करा. हे काम अंगणातच, गॅसच्या आसपास नाही.

आता बसवताना आपली स्वयंपाकघरातली युक्ती. नवी बेअरिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तास-दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि ड्रम उन्हात ठेवा. पोलाद गारठ्यानं आकसतं. दोन इंची कडीत फरक मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांचा, केसाहून कमी. पण तेवढ्यानंच बेअरिंग अलगद बसते. आमच्याकडे सासूबाईंनी फ्रीझर उघडला आणि विचारलं, "हे काय गं, मटार का?" बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं, ते टिपून लगेच बसवा. ड्रम गॅसवर मात्र कधीही तापवू नका.

ठोकायची वेळ आलीच तर एक नियम गाठ मारून ठेवा. ड्रममध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर. आतल्या कडीवर ठोकलं तर तो धक्का गोळ्यांतून जातो, कडीला खळगे पडतात आणि नवी बेअरिंग जुन्यासारखी गुणगुणते. जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी किंवा तेवढ्याच मापाचा नळीचा तुकडा मधे धरा. टक्कन भरीव आवाज आला की बसली.

बेअरिंगला सोवळं लागतं. हात धुतलेले, फडकं धुतलेलं, वाऱ्यावर धूळ नाही. सीलबंद नसेल तर तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची कड त्यात दाबत राहा, दुसऱ्या बाजूनं ग्रीस डोकावेपर्यंत. पण सगळा ड्रम ग्रीसनं भरू नका, जास्तीचं ग्रीस घुसळून तापतं. जुन्या ग्रीसमध्ये नवं मिसळू नका. खोबरेल, व्हॅसलीन, शिवणयंत्राचं तेल यांतलं काहीही चालत नाही. आणि ब्रेकच्या लायनरला ग्रीसचा ठिपकाही लागू देऊ नका.

शेवटी नट. हे सर्वांत महत्त्वाचं. आमच्यासारखी, मधे नळी असलेली गोळ्यांची बेअरिंग असेल तर नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापानं, टॉर्क पान्यानं पूर्ण घट्ट करायचा. पण निमुळत्या रुळांची बेअरिंग असेल तर चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, मग थोडा मागे सोडून पुस्तकात सांगितल्याइतकाच ठेवायचा. तो ताणून आवळला तर बेअरिंग जळते. आपली कुठली, हे आधी विचारून घ्या. स्प्लिट पिन नेहमी नवी. चार आण्याची म्हणावी अशी वस्तू, पण चाक धरून ठेवणाऱ्या नटाला तीच धरून ठेवते.

काम झाल्यावर गल्लीतच हळू चक्कर मारा, ब्रेक तपासा, चाक गरम होत नाही ना पाहा. पन्नासएक किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळून घ्या. पुराचं पाणी एका चाकात गेलं असेल तर बाकीच्या तिघांतही गेलेलं असतं, तीही तपासा. आमचं डावीकडचं चाकही मामांनी त्याच दिवशी उघडायला लावलं. तिथेही गंज सुरू झालाच होता.

मैत्रिणींनो, हे वाचून तुम्ही लगेच पाना हातात घ्यावा असा माझा आग्रह नाही. ते जमेल तिनं, माहितगाराला सोबत घेऊन करावं. पण ऐकलेलं बोलून दाखवावं, हा आग्रह मात्र आहे. एकदा सांगून कुणी हसलं तर दुसऱ्यांदा सांगा. 'आवाज येतो' एवढंच न म्हणता 'साठच्या पुढे येतो, उजवीकडून मागून येतो, डावीकडे वळताना वाढतो' असं सांगा. एवढं तपशिलात सांगितलेलं कुणाला भास म्हणून उडवता येत नाही. विश्रामबागच्या मैत्रिणीला माझं हेच उत्तर. आणि ज्या घरची गाडी पुराच्या पाण्यात उभी होती, तिथे चाकं एकदा उघडून पाहाच.

ऑपरेशन नीट झालं. काही दिवसांनी आईला मागच्या सीटवर उशी देऊन आम्ही साताऱ्याला आणलं. डोळ्यांना काळा चष्मा, हातात बाबांची जुनी पिशवी. पेठ नाका गेला, हायवे लागला. मी कान देऊन बसले होते. कराड आलं तरी काही नाही. ह्यांनी आपण होऊन रेडिओ बंद केला आणि विचारलं, "येतोय का गं आवाज?"

मी म्हटलं, "नाही."

मागून आई म्हणाली, "कसला आवाज?" तिला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. घरी पोचल्यावर चहा घेताना सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "त्यांनी असते तर चारही चाकं उघडली असती." दुसऱ्याच रविवारी आम्ही पुढची दोन्ही चाकं वर्कशॉपमध्ये नेऊन दाखवली.

जाता जाता : ग्रीसचे डाग पडलेल्या कपड्यावर पाणी आधी टाकू नका. डागावर टाल्कम पावडर किंवा तांदळाची पिठी दाबून अर्धा तास ठेवा, झटका, मग भांडी घासायचा पातळ साबण कोरड्या कापडावरच चोळा आणि नंतर धुवा. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री नको, उष्णतेनं तो पक्का होतो. हातांना आधी थोडं गोडेतेल चोळा, मग डाळीचं पीठ आणि साबण. हात मऊ राहतात.

तुमच्या घरातला कुठला आवाज तुम्हाला सतावतो, तो कधी येतो आणि कुठून येतो, हे मला जरूर लिहा. पुढच्या आठवड्यात मिक्सरच्या भांड्यातून होणारी गळती आणि त्यावरचा घरगुती उपाय.